तांबूस लव्हाळ्याची अधिकृत प्रकृती

मावशींचं लव्हाळं गेलं.

वरचं वाक्य चुकून आलं आहे. वाचकांनी ते वाचलं नाही असं समजावं, आणि ज्यांनी वाचलंच असेल त्यांनी निदान चेहऱ्यावर दाखवू नये. लव्हाळ्याची प्रकृती उत्तम आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ते ताठ उभं आहे, त्याला रोज बेताने पाणी घातलं जातं, आणि जिन्यात कुणी "काय म्हणतंय लव्हाळं?" असं विचारलं की जावईबापू "मजेत" एवढंच सांगून झपाझप खाली उतरतात. झपाझप उतरण्याचा आणि लव्हाळ्याचा काही संबंध नाही. ऑफिसची वेळ झालेली असते.

जावईबापू हे त्यांचं नाव नव्हे. पण बायकोची मावशी पहिल्यांदा त्यांच्याकडे आली तेव्हा तळमजल्यापासून "जावईबापू, अहो जावईबापू!" असा पुकारा करत जिना चढली, आणि वाटेतलं एकूण एक दार उघडलं. त्या दिवसापासून दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळी इमारत त्यांना जावईबापू म्हणायला लागली. एका माणसाने एवढ्या लोकांचा जावई असावं आणि मान मात्र एकाही घरी मिळू नये, असं उदाहरण दुसरं नसेल.

ते नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात कारकून होते. गल्लीत दिवा नाही अशी कुणी तक्रार केली की 'आपल्या अंधाराची नोंद घेण्यात आली आहे' असं उत्तर पाठवायचं, हे त्यांचं काम. उत्तरं इतकी सुरेख असत की माणूस पत्र वाचून समाधानाने अंधारात चाचपडत घरी जाई. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र ऊन म्हणून येत नव्हतं. खिडक्या उत्तरेला, समोर हात लांबवला तर लागेल अशी दुसऱ्या इमारतीची भिंत. दलालाने घर दाखवताना "उन्हाळ्यात थंड राहतं बघा" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. इतर ऋतूंबद्दल त्याने मौन पाळलं होतं.

आता मावशींबद्दल. जावईबापूंचं लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्या मंडळींची बैठक बसली होती. थोरले मेव्हणे म्हणाले होते, "ह्या माणसाच्या हातून काही टिकेलसं वाटत नाही." सासऱ्यांनी मान हलवली, काकांनी मान हलवली, ज्यांना प्रश्न ऐकू आला नव्हता त्यांनीही हलवली. एकट्या मावशी म्हणाल्या, "मुलगा सांभाळून घेणारा आहे. माझं ऐका." मावशींपुढे कुणाचं चालत नसे, म्हणून लग्न झालं. पुढे जावईबापूंनी शेगडीजवळ ठेवलेलं प्लॅस्टिकचं फूल वितळलं, तेव्हा मेव्हणे प्रत्येक समारंभात सांगत सुटले, "ह्यांच्या हातून प्लॅस्टिकसुद्धा जगत नाही." तरी मावशींचं मत होतं तिथेच होतं. सासरी जावईबापूंच्या बाजूने पडलेलं ते एकमेव मत, आणि ते फुकट गेलं असं कुणी म्हणू नये एवढीच जावईबापूंची आयुष्यातली महत्त्वाकांक्षा होती. बढतीची त्यांनी केव्हाच सोडली होती.

तर, मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे निघाल्या. खाली टॅक्सी उभी. जुन्या चादरीत गुंडाळलेली कुंडी त्यांनी जावईबापूंच्या हातात ठेवली.

"हे तुमच्याकडे. नवीन आणलंय, अजून कुणाला दाखवलंही नाही. मी येईपर्यंत सांभाळा."

"गवत आहे का, मावशी?" चादरीतून डोकावणाऱ्या टोकांकडे बघत जावईबापूंनी विचारलं.

"गवत काय म्हणता हो! लव्हाळं आहे. शोभेचं. गवताची काडी गोल असते, लव्हाळ्याच्या काडीला तीन कडा. बोटांत फिरवून बघा, लगेच कळतं." टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. "आले रे बाबा! पाणी बेताने, उजेड भरपूर. आणि रंग तेवढा जपा. सगळी शोभा रंगात आहे. तुम्ही जपाल, मला माहितीये."

टॅक्सी गेली. जावईबापूंनी वर येऊन चादर सोडली.

लव्हाळं तपकिरी होतं. मुळापासून टोकापर्यंत. चहाचा चोथा जसा दिसतो तसं.

"गेलं," बायको म्हणाली.

"मी अजून काही केलंसुद्धा नाही!"

"तेच तर. ह्या खेपेला तू न करताच झालं. प्रगती आहे."

इथे एक खुलासा करायला हवा. बायको त्यांना एरवी 'अरे' म्हणायची. तिच्या तोंडून 'अहो' निघालं की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं. सध्या 'अरे' चालू होतं, म्हणजे आशेला जागा होती.

मावशींना फोन करून विचारणं हा एक सरळ मार्ग होता. पण फोन करून सांगायचं काय? टॅक्सी कोपऱ्यावर वळायच्या आत लव्हाळं वारलं म्हणून? मावशी एकवेळ समजून घेतील, पण त्यांच्या मुलाकडून ती बातमी मेव्हण्यांकडे जाणार, आणि मेव्हणे ती पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात मुख्य पाहुण्याच्या थाटात सांगणार. जावईबापूंनी सरळ मार्ग सोडला. दिवाबत्ती खात्यात राहिल्याने सरळ मार्गाची सवयही मोडली होती.

समोरच्या काकू विरजणासारख्या होत्या. एक चमचा कुठेही पडला की सगळं प्रकरण लागायचं. दार उघडं दिसताच त्या आत आल्या आणि कमरेवर हात ठेवून लव्हाळ्यापुढे उभ्या राहिल्या.

"ऊन बाधलंय," त्यांनी निदान केलं. "तुमच्या मावशींनी उन्हात ठेवलं असणार. जळलंय ते. अंधारात ठेवा."

"पण मावशी म्हणाल्या, उजेड भरपूर."

"उजेड भरपूर दिला म्हणून तर ही वेळ आली! आमच्या ह्यांना ऊन लागलं तेव्हा मी काय केलं? पडदे ओढले आणि खोलीत निजवून ठेवलं. काही बोलायचं नाही, काही विचारायचं नाही. उठले की नाही?"

"उठले," जावईबापूंनी कबूल केलं. काका अजून फारसं बोलत नव्हते, पण उठले होते हे खरं.

मग लव्हाळं न्हाणीघर आणि कपाटामधल्या बोळकांडीत गेलं. उजेड काय तो दाराच्या फटीतून येईल तेवढाच. तिथे इतका अंधार होता की कपाटाची किल्ली पडली तर नवी करून घेणं सोपं जाई. जावईबापू रोज ऑफिसातून आले की बॅटरी घेऊन त्याच्यापुढे उकिडवे बसत. शेवटी एके दिवशी बुंध्याशी त्यांना काहीतरी दिसलं. त्यांनी बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली.

"हिरवं!" जावईबापू म्हणाले.

खरोखरच हिरवं. आधी बुंधा, मग मधल्या काड्या, आणि होता होता सगळं लव्हाळं हिरवंगार झालं. लांबही झालं. इतकं लांब आणि मऊ, की सगळ्या बाजूंनी कुंडीबाहेर लोळायला लागलं. अंथरुणावरून उठलेल्या माणसाला अशक्तपणा असायचाच, असं काकू म्हणाल्या.

जावईबापूंच्या आयुष्यातला हा सुवर्णकाळ. मेलेलं रोप उठवणारा माणूस म्हणून इमारतभर त्यांचं नाव झालं. लोक सुकलेल्या कुंड्या घेऊन यायला लागले. जावईबापू चष्मा कपाळावर चढवून पानं उलटीपालटी करत, "हं" म्हणत, आणि कुंडी बोळकांडीत दाखल करून घेत. उपचार सगळ्यांना एकच, अंधार. काकूंनी स्वतःचं धडधाकट निवडुंग केवळ प्रकृती सुधारावी म्हणून आणून ठेवलं. त्या निवडुंगाने पुढे दाराच्या फटीच्या दिशेने मान काढायला सुरुवात केली आणि ते वेताच्या छडीसारखं दिसायला लागलं. काकूंना वाटलं, उंची वाढतेय. न्हाणीघरात जायचं तर आता आडवं व्हावं लागे.

"अरे, हे घर आहे की इस्पितळ?" बायको विचारी.

"रुग्णसेवा आहे," जावईबापू म्हणत.

मग मावशींचा फोन आला. ऑपरेशन चांगलं झालं होतं.

"आणि आमचं लव्हाळं? रंग कसा आहे?"

ज्या प्रश्नाची जावईबापू इतके दिवस वाट बघत होते तो हाच. त्यांनी घसा साफ केला. "मावशी, हिरवंगार!"

पलीकडून मावशींच्या मुलाच्या घरातला पंखा ऐकू आला.

"हिरवं?"

"पोपटासारखं!"

"जावईबापू, तुम्ही कुठल्या झाडाबद्दल बोलताय? माझं लव्हाळं तांब्याच्या रंगाचं आहे. जातच ती. त्या रंगासाठी तर मी चार ठिकाणी फिरून आणलं."

जावईबापूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हो हो, ते! ते तांबूसच आहे. मी आपला खिडकीबाहेरच्या झाडाबद्दल सांगत होतो."

खिडकीबाहेर भिंत होती. पण ते मावशींना फोनवरून दिसत नव्हतं.

"मग बरं. उन्हात आहे ना? भर उन्हात रंग खुलतो त्याचा. सावलीत ठेवलं की मेलं हिरवं पडतं आणि लोळायला लागतं. घरात ठेवायचं तर अगदी खिडकीशी, उजेडात. बरं, मी येतेच आहे. तुमचा थोरला मेव्हणा मला घ्यायला येणार आहे, त्यालाही दाखवीन म्हणते."

फोन ठेवल्यावर जावईबापूंनी बायकोकडे बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं.

"अहो," ती म्हणाली.

आता रोप मारणं हा गुन्हा जगाला ठाऊक आहे. पण निरोगी रोपाला आजारी समजून, बरं करून, त्यापायी आजारी पाडणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो हे सांगणं कठीण. जावईबापूंनी मात्र धीर सोडला नाही. तांबूस होतं ते हिरवं झालं, म्हणजे हिरवं आहे ते तांबूसही होईल. प्रश्न फक्त उजेडाचा होता, आणि उजेड म्हणजे त्यांचं स्वतःचं खातं.

त्यांनी ऑफिसच्या भांडारातून उजेड मोजायचं यंत्र मागितलं. भांडारपालांनी रीतसर रजिस्टर उघडलं.

"दिव्याचा प्रकार?"

"सूर्य."

भांडारपालांनी पेन उचललं नाही, मान उचलली. "खांबाचा नंबर?"

"खांब नाही. अधांतरी आहे."

"धोकादायक स्थितीत, असं लिहितो. आपल्या हद्दीत येतो का?"

"दिवसा येतो."

भांडारपालांनी तेही लिहून घेतलं. सरकारी माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पुरतं. ते कसलं आहे हे बघणं वरच्यांचं काम.

यंत्राने घरातला उजेड मोजला. बोळकांडीत काटा जागचा हलला नाही. खिडकीत हलला, पण जावईबापूंचा हात थरथरला म्हणून. मग तळमजल्यावरचे भूगोलाचे मास्तर धावून आले. निवृत्त झाल्यापासून पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी खडूने जिन्यात बाण काढून दाखवले. ऊन इमारतीत कुठून शिरतं, कुठून सरकतं आणि कुठून निघून जातं, याचा तो मार्ग. सकाळी तिसऱ्या मजल्याच्या वळणावरचा झरोका, मग मास्तरांच्या मोरीची खिडकी, आणि भर दुपारी आवारातली एकच जागा. त्या जागेवर सेक्रेटरींची गाडी उभी असे.

जावईबापूंनी रजा टाकली. कारण लिहिलं, 'घरगुती सूर्यप्रकाश.' साहेबांनी न वाचता सही केली.

ते आता उन्हामागे कुंडी घेऊन हिंडायला लागले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते कुंडी मांडीवर घेऊन बसलेले असत आणि लोक त्यांना ओलांडून जात. मास्तरांच्या मोरीत ते अंग चोरून उभे राहत आणि मास्तर बाहेरून कर्कवृत्त समजावून सांगत. आवारात ऊन नेमकं गाडीच्या टपावर पडे. जावईबापूंनी बराच वेळ विचार केला, आणि मग कुंडी टपावर ठेवून वाऱ्याने पडू नये म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीने कॅरियरला आवळून बांधली. हे बांधकाम त्यांच्या हातून झालेलं आयुष्यातलं सर्वांत मजबूत काम ठरलं.

ते चहा प्यायला वर गेले आणि सेक्रेटरी बँकेत जायला खाली आले.

सेक्रेटरी गृहस्थ बुटके होते. टपावर काय आहे ते त्यांना दिसलं नाही. पण रस्त्यात प्रत्येक चौकात लोक थांबून आपल्याकडे बोट दाखवतायत, हसतायत, काही जण हात हलवतायत हे त्यांना दिसलं. इतकी वर्षं इमारतीसाठी झिजल्याचं चीज झालं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनीही खिडकीतून हात हलवायला सुरुवात केली. बँकेपर्यंत ते हात हलवत गेले. परत येताना त्यांनी लांबचा रस्ता घेतला.

आवारात जावईबापू उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मुलीची पाठवणी करताना बापाच्या चेहऱ्यावर असतात ते भाव होते. सेक्रेटरी गाडीतून उतरले, वळले, आणि त्यांनी लव्हाळं बघितलं. वाऱ्याने त्याच्या काड्या मागे फिरल्या होत्या. ते थोडं आनंदात दिसत होतं.

"हे... हे वर होतं?" सेक्रेटरींनी अगदी हळू विचारलं.

"हो."

"बँकेपर्यंत?"

"आणि परत."

हात हलवलेल्या एकेका चौकाची सेक्रेटरींना आठवण येत असावी. मग ते एकदम कडाडले, "गाडीवर नाही, जिन्यात नाही, आवारात नाही! तुम्हाला ऊन हवंय ना? गच्चीवर घ्या! पण अर्ज करा. आजपर्यंत गच्चीवर वनस्पती नेलेली नाही. मुळं टाक्यांत शिरतात."

"कुंडीतली मुळं?"

"मुळांचा काय भरवसा!"

जावईबापूंनी अर्ज केला. 'एका लव्हाळ्यास सूर्यप्रकाश घेऊ देण्याबाबत.' परवानगी आली. सेक्रेटरींनी स्वतः गच्चीचं कुलूप काढलं, कुंडी मधोमध ठेवू दिली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. कुलूप लागण्यापूर्वी जावईबापूंनी यंत्र तिथल्या उन्हात धरलं होतं. काटा उजवीकडे जाऊन आपटला आणि पुन्हा म्हणून परत आला नाही. यंत्र बिघडल्याचा खुलासा पुढे भांडारपालांनी मागितला, तेव्हा 'सदर दिवा प्रमाणाबाहेर प्रखर आहे' असं त्यांनी लिहून दिलं. पण तो इशारा होता हे त्या वेळी त्यांच्या लक्षात आलं नाही.

बोळकांडीतल्या काळोखात वाढलेल्या लव्हाळ्याला एकदम भर उन्हात टाकणं म्हणजे तळघरातल्या माणसाला थेट तव्यावर बसवण्यासारखं. आधी सकाळचं कोवळं, मग हळूहळू जास्त, अशी उन्हाची सवय लावायची असते. हे आता जावईबापूंना तोंडपाठ आहे. ज्ञान हे नेहमी खर्च होऊन गेल्यावरच हाती येतं.

सुरुवातीला मात्र दृश्य मोठं सुंदर होतं. मास्तरांच्या दुर्बिणीतून समोरच्या पानवाल्याच्या माडीवरून गच्ची दिसे. टोकं तांबूस झाली.

"चढला रंग!" जावईबापू ओरडले.

मग मधल्या काड्या तांबूस झाल्या. मग सगळंच. दुर्बीण हातोहात फिरली. काकू म्हणाल्या, "कसं सोन्यासारखं दिसतंय!" फक्त मास्तर दुर्बीण खाली ठेवत म्हणाले, "रंग उत्तम. पण हा रंग कशाचा, हे इथून सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी कोण घालतंय?"

जावईबापू धावत सेक्रेटरींकडे गेले.

"पाणी?" सेक्रेटरी म्हणाले. "अर्ज सूर्यप्रकाशाचा होता. पाण्याचा नव्हता. गच्ची गळते, पाण्यासाठी वेगळा अर्ज लागेल."

"अहो, पण रोपाला पाणी लागतं हे सगळ्यांना माहीत असतं!"

"आपल्या तहानेची नोंद घेतो," सेक्रेटरी म्हणाले.

वाक्याची ठेवण जावईबापूंच्या ओळखीची होती. इतकी वर्षं ज्या गल्ल्यांना त्यांनी उत्तरं पाठवली, त्या सगळ्या गल्ल्या एका रांगेत उभ्या राहून आपल्याकडे बघतायत असं त्यांना वाटलं.

त्यांनी पाण्याचा अर्ज केला. पण त्यावर निर्णय व्हायच्या आत सेक्रेटरी किल्ली खिशात घालून पुतण्याच्या लग्नाला परगावी निघून गेले. आभाळात ढग म्हणून नव्हता. जावईबापू पानवाल्याच्या माडीवर उभे राहून दुर्बिणीतून रोज रंग खुलताना बघत होते. असा रंग त्या लव्हाळ्याने मावशींकडेही कधी दाखवला नसेल.

सेक्रेटरी परतले त्याच दिवशी मावशी येणार होत्या. कुंडी खाली आली तेव्हा माती कुंडीच्या कडा सोडून आत आकसली होती. जावईबापूंनी पाणी घातलं. ते एका बाजूने आत गेलं आणि तळातून तसंच बाहेर आलं, ओळख न दाखवता.

"अहो," बायको म्हणाली, "सांगून टाकू या मावशीला."

"सांगतो. मीच सांगतो. पण मेव्हण्यांसमोर नको."

मेव्हणे पुढे, काठी टेकत मावशी मागे, आणि त्यांच्या मागे निम्मी इमारत, अशी मिरवणूक दारात आली. लव्हाळं खिडकीत ठेवलं होतं. समोरच्या भिंतीवरून परतून आलेल्या मंद उजेडात ते खरोखर तांब्याच्या तारांच्या जुडग्यासारखं झळकत होतं.

"काय जावईबापू," मेव्हणे बूट काढता काढता म्हणाले, "जगलं का? की ह्याचंही प्लॅस्टिक झालं?"

कुणीतरी हसलं. बहुधा काका. अंधारातून उठल्यावर ते प्रथमच हसले.

गुडघा सांभाळत मावशी खिडकीशी गेल्या. काकू पुढे झाल्या, "बघा हो, कसा रंग राखलाय जावईबापूंनी!" मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. सेक्रेटरी छताकडे बघत होते.

मावशींनी लव्हाळ्यात हात घातला आणि एक काडी दोन बोटांत धरली. जावईबापूंना आठवलं, बोटांत फिरवून बघा, लगेच कळतं. मावशींनी काडी फिरवली.

कट.

आवाज लहानसाच होता. जवळ उभ्या असलेल्या दोन माणसांनाच तो ऐकू आला. मावशींनी तुटकी काडी तळहातावर घेतली, तिच्याकडे बघितलं, मग जावईबापूंकडे बघितलं. जावईबापूंच्या कपाळावर घाम होता, डोक्यावर गच्चीच्या दारातलं कोळ्याचं जाळं तसंच होतं, आणि तोंड उघडलं होतं. ते सांगणारच होते.

"छान," मावशी मोठ्याने म्हणाल्या.

त्यांनी मूठ मिटली आणि मेव्हण्यांकडे वळल्या. "बघितलास रंग? इतका खुललेला मी दुकानातसुद्धा नव्हता बघितला. मी तेव्हाच म्हटलं होतं, मुलगा सांभाळून घेणारा आहे. तुम्ही कुणी ऐकायला तयार नव्हतात."

मेव्हणे लव्हाळ्याजवळ वाकले. "पण मावशी, हे जरा वाळल्यासारखं..."

"तुला काय कळतं रे त्यातलं? गवत आणि लव्हाळं ओळखता येत नाही तुला. जातच ती तशी. चल, पिशवी धर."

"मग हे न्यायचं ना गाडीत?"

"नको. आता त्याला इथली सवय झालीये. हलवलं की दगावतं."

मंडळी पांगली. दारात मावशी चपला घालत असताना जावईबापू हळूच म्हणाले, "मावशी, ती काडी..."

"काडीचं काय?"

"मोडली."

"काडी म्हटली की मोडायचीच, जावईबापू." त्यांनी मूठ उघडून काडी पर्समध्ये टाकली आणि पर्सचा चाप बंद केला. मग त्यांच्या डोक्यावरचं जाळं काढून त्या म्हणाल्या, "पाणी बेताने. उजेड भरपूर."

जावईबापूंच्या बाजूने पडलेलं हे दुसरं मत. पहिल्याच माणसाने दिलेलं, पण ह्या वेळी सगळी माहिती असताना.

तेव्हापासून लव्हाळं जिवंत आहे. इमारतीत कुणी वेगळं म्हणत नाही. काकूंनी त्याचं श्रेय अंधाराला दिलं आणि निवडुंग आणखी मुदतीसाठी ठेवलं. मेव्हणे हल्ली समारंभात प्लॅस्टिकचा विषय काढत नाहीत. बायको पुन्हा 'अरे' वर आली आहे. रोज सकाळी ती तांब्याभर पाणी देते आणि जावईबापू ते कुंडीत घालतात, आणि ते तळातून खाली बशीत कसं येतं याबद्दल दोघंही बोलत नाहीत.

अडचण एकच आली. मास्तरांनी जिन्यात सगळ्यांदेखत विचारलं, "लव्हाळ्याला ऊन लागतं ना? मग तुम्ही हल्ली ते उन्हात का नेत नाही?" सगळे थांबून बघायला लागले. गच्चीची परवानगी सेक्रेटरींनी रद्द केली होती, गाडीला झाकण घातलं होतं. आणि जिवंत लव्हाळ्यासाठी जो माणूस ऊनही मागत नाही त्याच्याबद्दल लोकांना काय वाटेल? मावशींच्या मताचा प्रश्न होता. जावईबापू वर गेले, त्यांनी ऑफिसातला चांगला कागद काढला आणि आजवरचं आपलं सर्वांत सुरेख पत्र लिहिलं.

'मा. सेक्रेटरीसाहेब यांसी,

विषय : इमारत वळवून मिळण्याबाबत.

महोदय, आमच्या घराच्या खिडक्या उत्तरेस असल्याने घरात ऊन येत नाही. घरी एक शोभेचं लव्हाळं असून ते जिवंत आहे व त्याची प्रकृती उत्तम आहे. सदर जातीस तांबूस रंगासाठी थेट ऊन लागतं. तरी संपूर्ण इमारत रहिवाशांसह आग्नेयेकडे सोयीस्कर इतकी वळवण्यात यावी. ते तूर्त शक्य नसल्यास समोरची इमारत बाजूस घेण्यास त्यांच्या सेक्रेटरींना कळवावं. तेही शक्य नसल्यास सूर्य दुसऱ्या मजल्यावर निदान सुट्टीच्या दिवशी पाठवण्यात यावा. पाण्यासाठी वेगळा अर्ज सोबत जोडला आहे.

याबाबतचा निर्णय सदर लव्हाळ्याच्या हयातीत मिळावा, ही नम्र विनंती.'